पास आहे ना!

आमच्या आठ-चारच्या डब्यात माणसाला नाव नसतं, उतरायचं स्टेशन असतं. घाटकोपरवाले, भायखळावाले, मशीदवाले. बावीस वर्षं ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो, त्या भायखळावाल्यांचं आडनाव मला त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर कळलं. पाकिटावर माझं नाव घालायलाही त्यांना ते मलाच विचारावं लागलं होतं. तर २०२५ च्या जानेवारीत याच डब्यात मी जाहीर केलं की मे महिन्यात आम्ही दोघं युरोपला निघालोय; टूरबरोबर नाही, आपले आपण, रेल्वेने. डबा क्षणभर गप्प झाला. मग घाटकोपरवाल्यांनी विचारलं,

"पास काढलात?"

कुठला देश, किती दिवस, थंडी किती, जेवणाचं काय, यातलं काही नाही. पास! आणि खरं सांगतो, मलाही तो प्रश्न अगदी योग्य वाटला.

कल्याण-डोंबिवलीत मूल मोठं झालं हे मिशीवरून ठरत नाही, पहिल्या पासावरून ठरतं. नोकरीचा कॉल आला की आई देवापुढे पेढा ठेवते आणि बाप विचारतो, "फर्स्टचा काढणार की सेकंडचा?" तिकीट काढणारा माणूस आमच्याकडे पाहुणा समजला जातो. तो खिडकीशी रांगेत उभा असतो, सुटे शोधत असतो, किंवा हल्ली मोबाइल डोळ्यांशी धरून रुळांपासून ठरावीक अंतर राखायला वडापावच्या गाडीपर्यंत मागे मागे सरकत असतो. त्याच्याकडे बघून पासवाल्याच्या मनात जे येतं, त्याला करुणा म्हणतात. तेवढ्यात पासवाल्याची गाडी सुटलेली असते, हा भाग वेगळा.

हिशोबाने बघितलं तरी पास आपल्याच बाजूचा आहे. कल्याण ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचं तिकीट १५ रुपये, महिन्याचा पास ३१५. म्हणजे अकराव्या दिवशी सकाळी पास वसूल. पुढचे सगळे दिवस सरकार आपल्याला फुकट नेतं, अशी आमची श्रद्धा आहे. तीन महिन्यांचा काढला तर महिन्याच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट; म्हणजे वर्षाच्या पासात एक महिना आणि सहा दिवस बक्षीस. इतका उदार सावकार दुसरा दाखवा. २०१४ च्या जूनमध्ये रेल्वेने भाडेवाढ केली, तेव्हा मासिक पासाचा मूळ दर १५ एकेरी फेऱ्यांवरून ३० वर न्यायचा घाट घातला होता. मुंबईत असा गहजब झाला, की दुसऱ्या वर्गापुरता तो निर्णय आठवड्याच्या आत मागे घ्यावा लागला. या शहरात कशाकशाचे भाव वाढले आणि लोकांनी ते सोसले. पण पास म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या आजीसारखा, त्याला कोणी हात लावायचा नाही.

मात्र अकराव्या दिवशी वसूल होऊन गप्प बसेल तो डोंबिवलीकर कसला! पास खिशात असला की त्याला रविवारी घरात करमत नाही. "दादरला जाऊन भाजी घेऊन येतो." अहो, फडके रोडवर भाजी मिळत नाही का? मिळते, पण पास आहे ना! दसऱ्याची फुलं दादरहून, दिवाळीचा कंदील दादरहून, चपलेचा अंगठा तुटला तरी दादर. माझ्या एका मित्राने पास आहे म्हणून घाटकोपरच्या डॉक्टरकडे दात दाखवायला सुरुवात केली आणि गरज नसलेली अक्कलदाढ काढून घेतली. दाढेचे पैसे त्याने कधी मोजले नाहीत. जाण्यायेण्याला काही पडलं नाही, हे मात्र तो अजून सांगतो.

माझा स्वतःचा पास कल्याणपासूनचा आहे. मी राहतो डोंबिवलीत. हे काय गौडबंगाल म्हणून बाहेरगावचे लोक विचारतात. सकाळी डोंबिवलीला गाडीत शिरायला मिळणं हेच नशीब, बसायला मिळणं ही दंतकथा. म्हणून आम्ही आधी डाउन गाडीने उलटे कल्याणला जातो. तीच गाडी तिथून अप होऊन सुटते आणि आम्ही जागचे न हलता आमच्याच डोंबिवलीवरून पुन्हा मुंबईकडे जातो, खिडकीतून आपल्याच गल्लीकडे बघत. म्हणजे मुंबईला जायला आधी मुंबईपासून लांब जायचं. पुढे युरोपात गाड्या बदलताना भलेभले गोंधळतात म्हणे, पण या शिक्षणावर मला कसली भीती?

भीती होती ती ठाण्याच्या साडूंची. साडू हे नातंच मुळात स्पर्धा-परीक्षेचं असतं, त्यात आमचे साडू ठाणेकर आणि हिशोबतपासनीस. त्यांचा मुलगा म्युनिकला शिकतो, म्हणून तर ही सहल ठरली. मी पासाचं नाव काढताच त्यांनी लॅपटॉप उघडला आणि रकाने पाडले. "तिकिटं," ते म्हणाले, "एकेक तिकीट आधीपासून. पास हा भावनिक निर्णय आहे." ठाण्याच्या तलावपाळीला कणीस खायला जाणाऱ्या माणसाने असं बोलू नये, पण बोलले. ठाणेकरांना रेल्वेच्या बाबतीत मूळचाच अभिमान. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यालाच आली ना! साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे, सुमारे ४०० माणसं आणि २१ तोफांची सलामी. हे ते साखरपुड्यातसुद्धा सांगतात. मी एवढंच विचारलं, "त्या ४०० जणांपैकी तिकीट कोणी काढलं होतं? सगळे निमंत्रित. म्हणजे देशातली पहिली प्रवासी गाडी तुमच्या ठाण्याला आली ती पासावर." साडूंनी रकान्यातून मान वर केली नाही. कल्याणला रूळ पुढच्या वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात पोचले, हे मी मुद्दाम सांगितलं नाही.

तर तो युरेलचा पास. १९५९ साली निघाला तेव्हा त्यात १३ देश होते, आता ३३ आहेत. तो युरोपात न राहणाऱ्यांसाठी. तिथल्या रहिवाशांसाठी १९७२ पासून इंटररेल नावाचा वेगळा पास आहे. म्हणजे पाहुण्यांची भांडी वेगळी, घरातली वेगळी, हे तिथेही आहेच. एक प्रकार सलग दिवसांचा, पंधरा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. दुसरा मोजक्या दिवसांचा: महिन्याभरात कुठलेही चार, पाच किंवा सात दिवस वापरा, किंवा दोन महिन्यांत दहा-पंधरा. दिवस म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा. त्यात हव्या तितक्या गाड्या. साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट, बारा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. आमच्या वेळी सात दिवसांच्या दुसऱ्या वर्गाच्या पासाला माणशी ३८० युरोंच्या आसपास पडत होते. सातने भागलं, रोजचे चोपन्न. मी वहीत लिहिलं : चोपन्न युरोंच्या वर गाडीत बसलं की वसूल.

वहीतलं हे वाक्य बायकोने वाचलं. मी आखलेला एक दिवसही वाचला. सकाळी सहाला म्युनिक, आठला झाल्झबर्ग, तिथे चहा, अकराला व्हिएन्ना, तिथे डबा, रात्री परत म्युनिक. "यात आपण व्हिएन्ना बघणार कधी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "येता-जाता दिसेल की खिडकीतून." ती काही बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात तिच्या न बोलण्याचे प्रकार मला पाठ आहेत. हा सातव्या क्रमांकाचा होता. रात्री दिवा मालवताना तिने विचारलं, "आपण फिरायला चाललोय की पास वसूल करायला?"

दुसरा फटका साडूंच्या मुलाने, म्हणजे आमच्या म्युनिकच्या भाच्याने दिला. "काका, पास असला तरी सगळ्या गाड्यांत नुसतं चढता येत नाही. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेचारोस्सा, स्पेनची एव्हीई, लंडनची युरोस्टार, यांना पासावरही सीट आरक्षित करावी लागते. त्याचे वेगळे पैसे."

पास म्हणजे गाडीत शिरायचा हक्क, बसायचा नव्हे, हे कल्याणकराला शिकवायला परदेशातून कोणी यायला नको. बसायच्या हक्काची आमची स्वतंत्र व्यवस्था आहे आणि ती तोंडी चालते. डब्यात शिरल्या शिरल्या बसलेल्याला विचारायचं, "तुमचं कुठलं?" तो म्हणतो, "घाटकोपर." मग ती जागा घाटकोपरपासून आपली. तिच्यावर दुसरा कोणी डोळा ठेवत असला तर सबंध डबा साक्षीला उभा राहतो. या आरक्षणाला पैसा पडत नाही, यंत्र लागत नाही आणि यात घोटाळा झालेला मी पाहिलेला नाही. तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट मिळते, ती वेगळी. तिच्यावर बसत नाहीत, टेकतात. म्हणून मी भाच्याला सहज म्हटलं, "आरक्षण कशाला? आम्ही उभं राहून येऊ. पॅरिस म्हणजे चारच तास ना?"

"काका, त्या गाडीत उभं राहता येत नाही."

युरोप परदेश आहे, हे मला त्या वाक्याला पहिल्यांदा नीट कळलं.

मग साडूंचा पक्ष वर चढला. तिकडे एकाच गाडीच्या एकाच डब्यात शेजारी बसलेल्या दोघांनी दोन निराळे भाव दिलेले असतात. तीन महिने आधी घेतलं तर वीस-पंचवीस युरो, आदल्या दिवशी घेतलं तर शंभराच्या पुढे. आमच्याकडे पंधरा रुपयांत खिडकीही मिळते आणि दाराशी कोणाची तरी सॅकही मिळते, पण पंधरा म्हणजे पंधरा. साडू म्हणाले, "आधी घे म्हणजे झालं." बोलायला सोपं आहे. स्वस्त तिकीट त्याच एका गाडीचं असतं. ती चुकली की तिकीट गेलं. आता ज्या माणसाने तीस वर्षं रोज आठ-चार पकडली, त्याला ठरलेली गाडी पकडणं काय कठीण, असं वाटेल. उलट आहे. त्या तीस वर्षांनी मला एकच गोष्ट शिकवली, की ठरलेल्या गाडीवर जीव टाकू नये. आठ-चार गेली तर आठ-नऊ आहे, ती रद्द झाली तर मागची स्लो आहे. पासाचं सगळं सुख तिथेच आहे. पासवाल्याची गाडी कधी चुकत नाही. त्याची फक्त पुढची गाडी येते.

बाकी आरक्षणाची भीती मला घालू नये. गणपतीला कोकणात जायचं तिकीट ज्याने काढलंय, साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला दोन मोबाइल आणि एक लॅपटॉप घेऊन, घरातल्या बाकीच्यांना इंटरनेट वापरायची बंदी करून, तो माणूस पॅरिसचं तिकीट आंघोळीला पाणी तापेपर्यंत काढतो.

शेवटी भाच्यानेच तोड काढली. मोठा पास नाही. जिथे एका जागी राहून फिरायचं तिथे त्या देशाचा पास, आणि लांबच्या दोन उड्यांना आधी काढलेली तिकिटं. साडू आणि मी दोघंही जिंकलो, म्हणजे दोघंही नाराज झालो. पण आता जाऊन आल्यावर माझंही मत तेच आहे. तारखा पक्क्या असतील, शहरं चार-दोनच असतील, तर तिकिटं घ्यावीत. पाठीला पिशवी लावून, उद्या कुठे ते आज न ठरवता भटकायचं असेल तर मोठा पास. पन्नाशीच्या पुढे, औषधांचे डबे आणि चकल्यांचे डबे घेऊन निघालेली जोडपी उद्या कुठे ते आज न ठरवता भटकत नाहीत.

जर्मनीतला पास बघून मात्र मला गहिवरून आलं. २०२२ मध्ये जून ते ऑगस्ट तीन महिने त्यांनी महिना ९ युरोंत देशभर फिरायची मुभा दिली होती. गाड्यांना तेव्हा अशी गर्दी उसळली की भाच्याचे सीनियर अजून त्या आठवणी सांगतात. त्यानंतर मे २०२३ पासून ४९ युरोंचं मासिक तिकीट आलं. आम्ही गेलो तेव्हा ५८ झालं होतं, २०२६ पासून ६३ आहे. नाव तिकीट, पण आहे तो पासच. सबंध देशातल्या सिटी बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक रेल्वे त्यात येतात. भाचा जरा संकोचून म्हणाला, "काका, फक्त आयसीई वगैरे फास्ट गाड्यांना चालत नाही." मी म्हटलं, "म्हणजे स्लोला चालतो. मग अडचण काय?" त्या स्लो गाडीने आम्ही सीमेपलीकडच्या झाल्झबर्गला गेलो, तिथल्या मुख्य स्टेशनपर्यंत तो चालतो. दुसऱ्या देशात स्लो लोकलने, महिन्याच्या पासावर! मी फलाटावरून घाटकोपरवाल्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं : "बसायला मिळालं?"

स्वित्झर्लंडमध्ये चार दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास. तो महाग आहे, पण देशच तसा आहे, आणि पासात आगगाडी, बस, बोट सगळं येतं. शिवाय पाचशेवर म्युझियमं. ल्युसर्नच्या तळ्यातल्या बोटीत आम्ही त्या चार दिवसांत पाच वेळा बसलो. तिसऱ्या वेळी बायकोने विचारलं, पलीकडे आपलं काय काम आहे? मी म्हटलं, काही नाही, पास आहे ना. पाचव्या वेळी ती स्वतःच म्हणाली, "चला, एक फेरी मारून येऊ," आणि तिलाच हसू फुटलं. तळ्याकाठच्या फिट्झनाऊहून रिगी डोंगरावर जाणारी दातेरी रुळांची गाडी १८७१ ची, युरोपातली पहिली, तीही पासात. आमच्याच मार्गावरच्या नेरळहून १९०७ पासून माथेरानची गाडी जाते, तिला आमचा पास चालत नाही. रिगीच्या माथ्यावर बर्फाकडे बघताना माझ्या मनात हा विचार आला, हे लाज सोडून कबूल करतो. तिथे आणखी एक हाफ फेअर कार्ड असतं. ते एकदा विकत घ्यायचं आणि मग प्रत्येक तिकीट निम्म्या भावात. पास आणि तिकीट यांचा हा संसार मला काही पटला नाही. माणसाने एका बाजूला राहावं. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून देशभर सार्वजनिक प्रवास सगळ्यांना फुकट आहे. तिथे आम्ही गेलो नाही. वसूल काय करणार?

पॅरिस तिकिटांवर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी वेळेवर आली, वेळेवर पोचली, शेजारचा माणूस साडेतीन तासांत एक अक्षर बोलला नाही. मी त्याला "तुमचं कुठलं?" विचारायला दोनदा तोंड उघडलं होतं.

पण परतीच्या वाटेवर स्ट्रासबुर्गला मुक्काम केला आणि तिथून कोलमारला निघालो, तेव्हा फलाटाच्या तोंडाशी एक जुनं पिवळं यंत्र उभं दिसलं. फटीत तिकीट घालायचं, खट् आवाज, तारीख-वेळ छापून परत. मी जागीच थांबलो. कूपन! आमची कूपनची पुस्तिका! २०१५ च्या सुमारास बंद होईपर्यंत आमच्या स्टेशनांवर तीच तर यंत्रं होती. एका हाताने कूपनं धरायची, दुसऱ्या हाताने यंत्राला थापटी मारायची, आणि छाप उमटला की नाही ते उजेडात धरून तीन माणसांना विचारायचं. एकाला तारीख दिसायची, दुसऱ्याला स्टेशनचं नाव, तिसरा म्हणायचा, "काही नाही होत हो, चला." फ्रेंच यंत्राला मी सवयीने एक थापटी मारली. मागच्या बाई दोन पावलं सरकल्या. छाप स्वच्छ उमटला होता.

सतरा दिवसांनी घरी आलो. एक हिशोब तेवढा चुकला होता. जर्मनीचं ते मासिक तिकीट म्हणजे वर्गणी असते. चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत बंद केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप जातात. आम्ही ९ मे ला पोचलो होतो, त्यामुळे १० मे ला मी आणि भाचा दोघंही पिठलं करण्यात गुंतलो होतो. जूनचे दोघांचे मिळून ११६ युरो गेले. साडूंना अजून हे सांगितलेलं नाही; हा लेख ते वाचतील तेव्हा कळेल.

जूनच्या पहिल्या सोमवारी मी डाउन गाडीने कल्याणला गेलो, आठ-चारला बसून आलो, डब्यात चॉकलेटं वाटली, रिगीचे फोटो फिरवले. उतरल्यावर पुलावर तिकीट तपासनीस उभे होते. मी ऐटीत मोबाइल काढून समोर धरला. ते बराच वेळ बघत राहिले.

"काका, हे काय आहे?"

तो जर्मनीचा पास होता. ३० जूनपर्यंत चालू, देशभर, फक्त स्लोला. मी घाईघाईने आपलं ॲप उघडलं. माझा कल्याणचा तीन महिन्यांचा पास २० मे ला, मी ल्युसर्नच्या बोटीत बसलेला असताना संपला होता.

दंड २५० आणि भाडं १५, मिळून २६५ रुपयांची पावती फाटली. जर्मनीत ६० युरो घेतात. त्याच संध्याकाळी मी पुढचा पास काढला, वर्षाचा, कल्याणपासून.